समतेचे आसन

सात रस्ता चौकाजवळच्या त्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार होती, आणि तिच्या स्वागतासाठी समाजशास्त्राचे प्राध्यापक गुरुशांत सर यांनी विषमतेचे प्रात्यक्षिक योजिले होते. पटांगणात फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखायच्या. विद्यार्थ्यांनी पहिल्या रेघेवर उभे राहायचे. सर प्रश्न विचारतील, आणि ज्याचे उत्तर होकारार्थी असेल त्याने एक पाऊल पुढे जायचे. शेवटी कोण कुठवर पोहोचला, यावरून समाजाचे यथार्थ दर्शन घडावे, असा तो सद्हेतू.

रेघा आखल्या त्या बाळाबाईंनी. अकरा वर्षे त्या या विद्यामंदिराची झाडलोट करीत आणि गुरुजनांना पाणी देत आल्या होत्या. त्यांची कन्या अपेक्षा गुरुशांत सरांच्याच वर्गात शिकत होती.

तालमीत सात प्रश्न झाले. सातवा असा : "ज्यांचे पालक कामाच्या ठिकाणी साहेबांसमोर खुर्चीवर बसतात, ते पुढे." वर्ग ध्वजस्तंभापर्यंत गेला. अपेक्षा पहिल्या रेघेवर एकटीच उरली.

प्राचार्य चन्नवीर सर चिंतातुर होऊन खाली आले.

"ही मुलगी मागं का?"

"सर, हीच तर विषमता," गुरुशांत सर म्हणाले.

"ती समाजात असू द्या की. आपल्या पटांगणात कशाला? समितीनं लिहून नेली म्हणजे?"

तेव्हा असे ठरले, की निदान सातव्या प्रश्नाला तरी अपेक्षाने पुढे यावे.

"आई तुमच्याच ऑफिसबाहेर पायरीवर बसते, सर," अपेक्षा म्हणाली. "खोटं पाऊल मी टाकणार नाही."

"अंतर्गत वीस गुण माझ्या हातात आहेत, बाळ," गुरुशांत सर अत्यंत मृदू स्वरात म्हणाले.

"मग आईला खुर्ची द्या. मी पुढं येते."

ही युक्ती प्राचार्यांना मनापासून पटली. समाजरचना बदलण्यापेक्षा ग्रंथालयातून एक खुर्ची आणणे सोपे होते.

घरी बाळाबाईंचा जीव मात्र उडाला. "मला काढत्यात व्हय गं? इतक्या वर्सांत कुनी बस म्हनलं न्हाय."

"अर्धा तास नुसतं बसायचं, आई."

"आन् पानी कोन देनार?"

"सर देतील की."

"लई शिकलीस," असे म्हणून बाळाबाई पदराआड हसल्या.

नियोजित दिवशी व्हरांड्यात समितीचे तिघे सदस्य, त्यांच्या शेजारी प्राचार्य आणि प्राचार्यांच्या शेजारी बाळाबाई अशी आसनव्यवस्था होती. बाळाबाई खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता बसल्या होत्या. सातवा प्रश्न आला. अपेक्षाने आईकडे पाहिले आणि एक पाऊल पुढे टाकले.

त्याच क्षणी समितीच्या अध्यक्षांना ठसका लागला.

"बाळाबाई, पाणी," प्राचार्य मान न वळवता म्हणाले.

शब्द पुरा होण्याआधीच बाळाबाई उठून माठाकडे निघाल्या होत्या. खुर्ची रिकामी राहिली. अपेक्षाने ती पाहिली आणि टाकलेले पाऊल मागे घेतले.

पाणी पिऊन अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हे सगळं तुम्ही बसवलं होतं?"

प्राचार्यांनी क्षणभर चिंतन केले. "होय. आठवडाभर तालीम चालू होती."

विषमतेचे इतके जिवंत प्रात्यक्षिक अन्यत्र पाहण्यात आले नाही, असा अभिप्राय समितीने लिहिला, आणि महाविद्यालयास उत्तम श्रेणी प्राप्त झाली. अपेक्षास वीसपैकी एकोणीस गुण मिळाले. सूचनेविना मागे आल्याबद्दल एक गुण कापला गेला. ती खुर्ची प्रवेशद्वारापाशी पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये विराजमान झाली. वर पितळी पाटी लागली : 'समतेचे आसन. कृपया बसू नये.'

त्या खुर्चीवरची धूळ रोज सकाळी बाळाबाई झटकतात. एकदा कॉलेज भरण्याआधी अपेक्षा तिथे आली.

"कुणी नाही, आई. बस की."

बाळाबाईंनी खुर्चीकडे, मग हातातल्या फडक्याकडे पाहिले.

"आत्ताच पुसलीया," त्या म्हणाल्या. "परत पुसावी लागंल."