समासातली ओळ

श्यामसुंदर टिपणीसांना दोन जातींच्या माणसांचा भारी राग. एक, डोंगरावर मोठ्याने गाणी लावणारे. दुसरे, काहीही न वाचता डोंगरावर जाणारे. त्यांच्या बोरिवलीच्या गिर्यारोहण क्लबात हिमालयात जायचं तर आधी यादीतली बारा पुस्तकं वाचावी लागत. सोसायटीने दिलेल्या खोलीत क्लबचं लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली अजून टिपणीसांच्याच खिशात असे.

दुसरीकडे पुस्तकात रेघ मारली तर दंड होतो. इथे उलटं. वाचताना जे सुचेल, आठवेल, ते समासात लिहायचं. फक्त खाली सही आणि तारीख हवी. हा नियम टिपणीसांनीच पस्तीसेक वर्षांपूर्वी केलेला. छापलेलं परक्याचं, समासातलं आपल्या माणसाचं, असं ते म्हणत आणि म्हणताना त्यांची मान जरा ताठ होई.

त्या रविवारी सकाळी नव्या तुकडीची अकरा पोरं-पोरी चटईवर बसली होती. भिंतीवर सम्यकचा हार घातलेला फोटो होता. दोन वर्षांपूर्वी, चोवीस वर्षांचा सम्यक लडाखमध्ये शिखराखालच्या तंबूत दगावला. डोकं दुखतंय म्हणत होता, सगळे उतर म्हणत होते, तो काही उतरला नाही. शोकसभेत टिपणीस म्हणाले होते की यात कुणाचीही चूक नाही. ते ऐकून सम्यकच्या आईने त्यांना हात जोडले होते.

“काका, यंदाची यादी बघितलीत का?” प्रांजलने विचारलं. कपाटातल्या पुस्तकांची देवघेव आता तीच बघायची. “नुसती नावं कोण वाचतं यार? मी प्रत्येक पुस्तकातल्या एकेका समासाचा फोटो टाकलाय. महिना झाला ग्रुपवर पाठवून. तुमची ओळ तर सगळ्यांना पाठ झालीये.”

“माझी कुठली ओळ?”

तिने फोन पुढे केला. उंचीवरच्या आजारांचं ते जुनं निळं पुस्तक. छापील परिच्छेद सरळ होता : डोकेदुखी, उलट्या, चालताना तोल जाणं, ही लक्षणं दिसली तर ताबडतोब खाली उतरा. आणि शेजारी, तरुणपणीच्या तोऱ्यातल्या अक्षरात : ‘मला हे सगळं झालं. उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माथ्यावर. श्या. टि., ऑगस्ट ८९.’

ही ओळ टिपणीस साफ विसरले होते. म्हणजे, विसरायचं ठरवून विसरले होते.

“हे... हे काढून टाक,” ते म्हणाले.

“काय काका, एवढी भारी ओळ!”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इरावती, त्यांची मुलगी. बारा दिवसांपूर्वी ती याच क्लबच्या मोहिमेवर लडाखला गेली होती. बेस कॅम्पच्या वरच्या धारेवर एका दगडापाशी कधीमधी रेंज येते, एवढंच त्यांना माहीत होतं.

“इराताई! स्पीकरवर घ्या ना,” प्रांजल म्हणाली आणि तिनेच बटण दाबलंसुद्धा. पोरं पुढे सरकली.

“बाबा, ऐकू येतंय का?” मागे वारा घोंघावत होता. “आज वरच्या कॅम्पला निघतेय. सुयोगने नुसतं डोकं खाल्लंय माझं. लीडर झाला म्हणजे काय! म्हणतो, उतर.”

“का? काय होतंय तुला?”

“डोकं जाम दुखतंय. काल दोनदा उलटी झाली. आणि सकाळी बूट घालून उभी राहिले तर जरा झोकांडी गेली, बस्स.”

बोलताना तिची जीभ अडखळत होती. आपली पोर, जी एरवी दुसऱ्याला बोलू देत नाही, ती एकेक शब्द शोधून काढत होती.

“इरा, उतर. आत्ताच्या आत्ता.”

“तू बाप म्हणून बोलतोयस. चढणारा म्हणून बोल ना. तुलाही हेच झालं होतं. तू उतरला होतास का? मी सुयोगला फोटो दाखवला, तर त्याचीही बोलती बंद.”

अकरा चेहरे टिपणीसांकडे बघत होते. छत्तीस वर्षं हीच माणसं, यांच्याआधीची माणसं, त्यांच्याकडे अशीच बघत आली होती. त्यांना वाटलं, फोन घेऊन बाहेर जावं, दार लावून हळूच सांगावं. पण पलीकडे रेंज होती ती एका दगडापुरती.

“मी माथ्यावर गेलोच नव्हतो,” ते म्हणाले.

“काय?”

“गेलोच नव्हतो, इरा. मी तंबूबाहेर पडलो आणि कोसळलो. माझ्या जोडीदाराने, देवव्रतने, मला पाठीवर घेऊन खाली आणलं. त्याचंही शिखर माझ्यापायी गेलं. खाली येऊन मी सगळ्यांना सांगितलं की आम्ही पोचलो, धुकं होतं म्हणून फोटो नाही. आणि तो बिचारा मरेपर्यंत कुणाला बोलला नाही. ती ओळ खोटी आहे. मी उतरलो म्हणून जगलो, म्हणून तू झालीस. उतर बाळा. पाया पडतो तुझ्या.”

फोनमध्ये नुसता वारा होता. मग तोही बंद झाला.

प्रांजल तोंडावर हात ठेवून उभी होती. टिपणीस खुर्चीत बसले आणि फोनकडे बघत राहिले. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. घरी बायकोला, क्षमाला, कळवावं का, हे त्यांनी तीनदा ठरवलं आणि तीनदा रद्द केलं. मुलं घरी गेली नाहीत आणि एकानेही त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

पावणेतीन तासांनी सुयोगचा मेसेज आला. ‘इराला घेऊन खाली गावात आलो. ऑक्सिजन दिला. आता नीट बोलतेय. अजून तासभर थांबलो असतो तर वाट लागली होती, काका.’

टिपणीस ओक्साबोक्शी रडले. साठीतला माणूस पोरांसमोर असा रडतो, हे बघून दोघी मुलीही रडायला लागल्या. मग त्यांनी डोळे पुसले, खिशातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि ते निळं पुस्तक बाहेर ओढलं.

“खोडरबर दे गं,” ते प्रांजलला म्हणाले.

पान सापडलं. पेन्सिलीची त्यांची ओळ इतकी वर्षं जशीच्या तशी होती. पण तिच्या खाली आणखी काहीतरी होतं. प्रांजलने फोटो त्या ओळीपाशीच कापला होता, म्हणून यादीत ते आलंच नव्हतं. निळ्या बॉलपेनने कुणीतरी त्यांच्या सहीखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि लिहिलं होतं : ‘काका ग्रेट! डोकं दुखलं की हे आठवायचं.’

नियमाप्रमाणे खाली सही होती. सम्यक. आणि तारीख, लडाखला निघायच्या आठ दिवस आधीची.

टिपणीसांनी खोडरबर टेबलावर ठेवला. बॉलपेनचं अक्षर खोडता येत नाही.