जोवर पोरगी शाळेत

संस्थेची माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. वाईट असती तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. चांगल्या माणसांवर चिडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, फुटतं ते आपलंच.

गावात त्यांनी दोन कामं काढली. पोरींसाठी सातवीपर्यंत शाळा आणि बायकांसाठी शिलाईचा वर्ग. शिलाई शिकवायला मला ठेवलं. माझी जीभ कात्रीसारखी चालते, पण हातही तसाच चालतो, म्हणून निभावून गेलं. शिकून झालं की बाईला पायमशीन घरी मिळायचं. दवाखान्याचे अभ्रे नि ॲप्रन शिवायचं काम संस्थाच आणून द्यायची. घरबसल्या पोटापाण्याची सोय, आणखी काय पाहिजे?

पण मशीनला एक अट होती. ज्या घरातली पोरगी संस्थेच्या शाळेत, त्याच घरात मशीन. पोरगी शाळेतून निघाली की मशीन उचलायचं आणि पुढच्या घरी द्यायचं. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून ही अट निघाली होती आणि ऐकायला गोड होती. मशीनच्या लोभानं तरी लोक पोरींना शाळेत ठेवतील! ठेवलंही. पहिल्या वर्षी संस्थेत सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पोरगी मधेच शाळा सोडेल, एवढीच भीती त्यांना होती. पोरगी सातवी पास झाली तरी शाळेतून निघतेच, हे काही कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

गावाच्या मात्र बरोबर आलं. सुताराची पोरगी चांगली हुशार, ती सातवीला नापास झाली. पाठोपाठ पाववाल्याची थोरली. मास्तर कपाळाला हात लावून बसले. मला म्हणाले, "अहो बाई, वर्षभर फाडफाड उत्तरं देणारी पोरगी. परीक्षेतच हिच्या अंगात काय शिरलं?"

काय शिरणार? सुताराच्या घरातलं मशीन चालूच होतं, रस्त्यावरून जाताना ऐकू यायचं. सगळ्या गावाला ठाऊक आणि बोलायचं मात्र कुणी नाही. अळीमिळी गुपचिळी.

आता आमच्या घरातलं. माझा भाऊ कामाला म्हणून परगावी गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली माझी भावजय आणि तिची लेक. लेकीला सगळं गाव वकील म्हणतं. आईनं 'पाणी आण' म्हटलं तर आधी 'कालही मीच आणलं होतं' असा मुद्दा मांडणार, मग दोन दाखले देणार, आणि शेवटी हंडा उचलणार. मास्तरांचं गणित चुकलं तर भर वर्गात उठून सांगणार. मी कितीदा म्हटलं, "अगं, जरा जिभेला हाड असू दे!" तर म्हणाली, "आत्या, मी तुझ्यावरच गेले आहे." घ्या! काय बोलणार?

संस्थेत येण्याआधी भावजय दवाखान्याच्या लाँड्रीत होती. रक्ताच्या चादरी सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालायच्या आणि लाकडी दांड्यानं ढवळायच्या. तिच्या बोटांची नखं गेली होती. हाताला इतक्या भेगा की जेवताना मीठ लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. वकील तेव्हा लहान होती, आईला घास भरवायची. मशीन आलं आणि ते हात हळूहळू बरे झाले. नखं परत आली. खिडकीखाली मशीन मांडलेलं, पायाशी अभ्र्यांचा ढीग, शेजारी जमिनीवर वकील पुस्तक घेऊन बसलेली. ती खोली पाहिली की मला बरं वाटायचं.

वकील सातवीला गेली आणि मी दिवस मोजायला लागले. पास झाली तर तालुक्याच्या मोठ्या शाळेत वसतिगृहात जागा होती, मास्तरांनी स्वतः खटपट करून धरून ठेवली होती. पण याच वर्षापुरती. नापास झाली की ती जागा दुसरीला.

एका दुपारी मी भावजयीला गाठलंच. "हे बघ, मी आडवळणानं बोलत नाही. सुतारणीनं केलं ते तू केलंस तर मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही."

तिनं टीप मारायची थांबवली. "वन्सं, तुम्ही मला असं ओळखलंत?"

"पोटाची आग वाईट असते. भलेभले शहाणे वाकतात तिच्यापुढं."

"मग ऐका," ती म्हणाली. "माझी पोर जाणार. मशीन गेलं तर गेलं. माझं मी बघून घेईन."

"काय बघून घेशील?"

"ते तुम्ही कशाला विचारता? पोरीला कळू देऊ नका म्हणजे झालं." आणि पुन्हा पाय चालवायला लागली. मला माझीच लाज वाटली. खरं सांगते, त्या दिवशी मला ती माझ्या भावापेक्षा जवळची वाटली.

मी संस्थेच्या मॅडमकडे गेले. तरुण मुलगी, साधी, बोलायला गोड, मला मावशी म्हणायची. स्वतःच्या खुर्चीवर मला बसवलं आणि आपण स्टुलावर बसली. मी सगळं घडाघडा सांगितलं. म्हटलं, "मॅडम, तुमची अट उफराटी आहे. पोरगी शिकली की घराला शिक्षा. नापास झाली की बक्षीस. पास होणारीच्या घरी मशीन राहू द्या, मग बघा सातवीचा निकाल."

ती म्हणाली, "मावशी, तुमचं पटतंय मला. पण योजना वरून ठरते. मधेच बदलता येत नाही. मी वर कळवते."

"वर म्हणजे कुठं? तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांना एकदा इकडं आणा की."

हसली बिचारी. पण तिनं कळवलं. तिनं खरंच कळवलं, हेच तर पुढं आमच्या मुळावर आलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वकील एकदम गप्प झाली. मला वाटलं अभ्यासाचं ओझं. पाणी आण म्हटलं की मुकाट्यानं उठायची. मी थट्टा केली, "काय गं, वकिली सोडलीस?" तर नुसती हसली. तेव्हाच मी तिला धरून बसवायला हवं होतं असं आता वाटतं, पण चालत्या पोरीला कोण धरून बसवतं?

निकाल लागला. वकील नापास.

मी तडक भावजयीच्या घरी गेले आणि दारातूनच तोंड सोडलं. काय काय बोलले ते आठवायला नको. म्हटलं, तुझ्यापेक्षा सुतारीण बरी, ती निदान शपथा घेत नव्हती. भावजय पुढं आली. "नाही हो वन्सं, पोरीची आण, मी एका शब्दानं..."

"आईनं नाही सांगितलं," वकील कोपऱ्यातून म्हणाली. "मीच केलं."

"का?" मी ओरडले. "अगं कार्टे, का?"

तिनं आईकडे बघितलं. "तू लाँड्रीत गेली होतीस. मुकादमाला भेटायला. मी शाळेतून येताना बघितलं. तो म्हणत होता हात दाखव, आणि तू दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवत होतीस. जनावराचे दात बघतात तसं तो बघत होता."

भावजयीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पोरीला कळू देऊ नका म्हणालीस तू आत्याला," वकील म्हणाली. "मी ऐकलं होतं. तू मला न विचारता लाँड्रीचं ठरवलंस, मग मी तुला न विचारता जायचं नाही असं का ठरवू नये?" एवढंच बोलून ती रडायला लागली. तेव्हा कुठं मला ती लहान पोर दिसली. आम्ही तिघी एकमेकींना धरून रडलो. रडताना भावजय एकच म्हणत होती, "माझ्या हातांना काय झालं होतं गं, चांगले होते की माझे हात."

मी मास्तरांच्या पाया पडायची तेवढी राहिले. फेरपरीक्षा घ्या म्हटलं. ते तयारही होते. पण वसतिगृहाची जागा तोवर गेली होती. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. चला, म्हटलं, एक वर्ष तर एक वर्ष. मशीन तरी घरात आहे. पोरगी पुन्हा सातवीला बसेल, आपण तोवर काहीतरी जमवू.

सुट्टी संपायच्या आत मॅडम आली. तिचा चेहरा उजळला होता. "मावशी, तुमचं म्हणणं मी वर कळवलं होतं ना? त्यांनी मनावर घेतलं. अट रद्द!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचे हात धरले. मग ती पुढचं सांगायला लागली.

सातवीत पोरी नापास होतात हे वर सगळ्यांना दिसलं होतं. का होतात, हेही तिनं लिहिलं होतं, पण ते बहुधा कुणी शेवटपर्यंत वाचलं नसावं. त्यांनी काढलेला अर्थ असा की या भागातल्या मोठ्या पोरींना पुस्तकात गोडी नाही, त्यांना हाताचं काम द्यावं. तेव्हा सहावी-सातवी बंद. त्या खोलीत शिलाईचं मोठं केंद्र. घरोघरची मशीनं गोळा करून तिथं मांडायची आणि पोरींना थेट कसब शिकवायचं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

"अहो मॅडम, हे काय करून बसलात?" मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "मीही बोलले त्यांना. पण निदान मुली घरी तरी बसणार नाहीत ना, मावशी?"

सुताराच्या घरून मशीन गेलं, पाववाल्याच्या घरून गेलं. भावजयीचं हातगाडीवर चढवताना तिनं फडक्यानं ते पुसून दिलं, पाहुण्याला निरोप द्यावा तसं. मुकादमानं तिला घेतलं. तिचे हात त्यानं आधीच तपासून ठेवले होते.

सातवीच्या खोलीत फळा अजून भिंतीवर आहे, त्याच्यावर आम्ही ॲप्रनचे कागदी नमुने टाचतो. पहिल्या दिवशी वकील आली आणि ओळीतली सगळी मशीनं सोडून खिडकीजवळच्या मशीनवर जाऊन बसली. आईचंच होतं ते. चाकाजवळ रंग उडालेला, मीही ओळखलं. मॅडम दारात उभी होती.

मी म्हटलं, "आधी दोरा ओव." तिनं ओवला. "आता टीप मार." आईच्या पायाशी बसून इतकी वर्षं बघितलेलं. पहिलीच टीप सरळ, कुठं सुरकुती नाही की गोळा नाही.

"मावशी," मॅडम खूश होऊन म्हणाली, "किती हुशार आहे हो ही! हिला आधीच का नाही बसवलं मशीनवर?"

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण मी वकिलाकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठेल. मुद्दा मांडेल, दोन दाखले देईल, मॅडमची बोलती बंद करेल. देवा, उठू दे हिला, असं मी मनात म्हणत होते.

तिनं दोरा दातांनी तोडला, अभ्रा बाजूला ठेवला आणि मान वर न करता हात पुढं केला.

"आत्या, पुढचा दे."

मी दिला.