देवदाराचा भुसा

ससा घरात आला त्या दुपारी आमच्या ह्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर फरशीवर आडवे झाले. एवढा धिप्पाड सुतार, दारातून आत आला की दारच अंगाला आखूड झाल्यासारखं वाटतं, आणि हा माणूस पोट टेकून, श्वास रोखून, सशाकडे पाठ करून पडलेला. सशाकडे टक लावून बघायचं नाही, उचलायचं नाही, आपण तिथे नाहीच असं वागायचं, असं प्राण्यांच्या आश्रमातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, अहो, तुम्ही तिथे नाही असं वाटायला तो ससा आंधळा तरी असायला हवा. कोणी हसलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आमची भाची तर नाहीच नाही.

ससा तिच्यासाठीच आणला होता. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची. बहीण दवाखान्यात होती तेव्हा पोर रोज ह्यांना विचारायची, काका, आई घरी येणार ना? आणि हे रोज सांगायचे, येणार, नक्की येणार. डॉक्टरांनी हात टेकल्यावरही सांगत राहिले. पोरीचं तोंड बघून ह्यांच्याच्याने खरं बोलवेना, एवढंच. बहीण गेली, पोर आमच्याकडे आली आणि त्या दिवसापासून ह्यांच्याशी तिने अवाक्षर काढलं नाही. माझ्याशी कामापुरतं बोलायची. ह्यांनी काही विचारलं तर भिंतीकडे बघायची.

हे वरवर चेष्टा करायचे. तिला बाईसाहेब म्हणायचे, दरवाज्याच्या कडीशी मोठ्याने गप्पा मारायचे, निदान ही तरी उत्तर देते म्हणून. पण मनातून झुरत होते. पोरगी एकदा काका म्हणाली की बास, दुसरं काही नको मला, असं मला कितीदा तरी म्हणाले. म्हणून तर ससा. आपल्याला माणसाचा विश्वास जमला नाही, सशाचा जमवून दाखवू, ती बघेल, असा त्यांचा साधा हिशेब.

ससा राखाडी, पोटाने गोल आणि कमालीचा आढ्यतेखोर. काही बोला, कान एकदा फिरवायचा आणि पाठ करून बसायचा. ह्यांनी त्याचं नाव शेठ ठेवलं. पट्ट्या ठोकून बैठकीच्या कोपऱ्यात कुंपण केलं, कुंपणाच्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवला, ट्रेच्या कडेला सुकं गवत. शेठने बाहेर लेंड्या टाकल्या की त्या उचलून ट्रेमध्ये ठेवायच्या, मुताचा डाग शिरक्याने पुसून काढायचा, ओरडायचं अजिबात नाही. काही दिवसांत त्याला आपोआप कळतं, असं बाईंनी सांगितलेलं. ट्रेमध्ये खाली फाडलेला कागद घाला, असंही त्या म्हणाल्या होत्या.

कागद म्हटल्यावर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुताराच्या घरात कागद? ह्यांची खासियत म्हणजे देवदाराची कपाटं. लोकरीचे कपडे वर्षानुवर्षं ठेवा, कसर लागत नाही, किडा आत फिरकत नाही, म्हणून लोक लांबून येतात. जिथे किडा टिकत नाही तिथे घाण कशी टिकेल, असं म्हणून हे दुकानातून रंध्याखाली पडलेल्या कुरळ्या भुशाचं पोतं खांद्यावर टाकून घेऊन आले. ट्रे भरून टाकला. आश्रमातल्या बाईंना विचारायला गेले नाहीत. लाकडाबद्दल ह्यांनी कोणाला विचारायचं?

आता खरं सांगायचं तर त्या भुशाचा वास आमच्या घरात ज्यांना यायला हवा होता त्यांना येत नव्हता. ह्यांचं नाक तीस वर्षं त्याच वासात मुरलेलं. माझं नाक तर कामातूनच गेलेलं. मी लाँड्रीत डाग काढते. शाई, रक्त, तेल, गंज, काय वाटेल ते काढते, आणि त्यासाठी जे द्राव वापरते त्यांनी माझ्या नाकातलं सगळं धुऊन नेलंय. दूध उतू जाऊन करपलं तरी मला धूर दिसल्यावर कळतं.

शेठ काही ट्रेमध्ये पाय ठेवेना. काठावर पुढचे दोन पंजे टेकायचा, नाक भराभर हलवायचा आणि मागे सरकून मागचा पाय फरशीवर धाडकन आपटायचा. मग सोफ्याच्या पायाशी जाऊन बैठक मारायचा. मी म्हटलं, हट्टी आहे, घराला शोभेल असा आहे. ह्यांनी मात्र जिवाचं रान केलं. संध्याकाळी कामावरून आले की आधी फरशीवर, मग हातपाय धुणं. तळहातावर गवताची काडी ठेवून पडून राहायचे. हाताला मुंग्या यायच्या, कंबर धरायची, पण हलायचे नाहीत. पोर उंबऱ्यावरून बघत असायची. रोज एखादी फरशी पुढे सरकून बसायची, तेही मी बघत होते.

मग एके दिवशी शेठ ट्रेमध्ये जाऊन बसला. निवांत बसला, गवत खाल्लं, काम उरकलं आणि बाहेर येऊन अंग चाटू लागला. त्यानंतर रोजच जाऊ लागला. ह्यांना आकाश ठेंगणं झालं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना कपाटाचं माप घेताना सशाच्या लेंड्यांबद्दल सांगायचे.

मी कचरा बाहेर ठेवायला निघाले तेव्हा डबा फार हलका लागला. वरच्या सालपटांखाली सगळा भुसाच भुसा. ट्रे उचकून पाहिला. खाली माझ्या लाँड्रीतला खाकी कागद बारीक फाडून अंथरलेला, आणि वर दिसण्यापुरता मूठभर भुसा भुरभुरवलेला. काम इतकं नीट होतं की मला आधी कौतुकच वाटलं. पोरीला बाजूला घेऊन विचारलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "वास येतो, मावशी. नाकात टोचतो. त्याला शिंका येतात."

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ती तिथेच धरून ठेवायची सोडून मी संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं घरातली गोष्ट आहे, लपवाछपवी नको.

हे चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. चेहरा मात्र एवढासा झाला. सशाने आपल्यावर भरवसा ठेवला असं समजून हे गावभर मिरवत होते आणि ससा बसत होता तो पोरीच्या कागदावर. मग तिच्यापासून हातभर अंतर सोडून भिंतीला टेकून बसले, मूठभर भुसा तळहातावर घेतला आणि लाकडाबद्दल सांगू लागले. झाड कसं उभं असतं, फळी कशी निघते, तेल कुठे असतं, सगळं. असं हळू आवाजात बोलताना मी ह्यांना लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते.

"वास आहे, पण चांगला वास आहे," शेवटी म्हणाले. "ह्याने किडा मरतो, जिवाला काही होत नाही. शेठला मी वाईट लाकूड देईन का?"

पोर त्यांच्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "खरं?"

इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडून त्यांच्यासाठी निघालेला तो पहिला शब्द.

"खरं," ते म्हणाले.

पोरीने उठून ट्रेमधला कागद काढला, पोत्यात हात घातला आणि आपल्या ओंजळीने ट्रे काठोकाठ भरला.

शेठने पुन्हा काठावर पंजे टेकले, नाक हलवलं. पण ट्रेची सवय लागली होती आणि भरणारी पोर शेजारीच बसली होती. तो आत गेला. आता आठवलं की वाटतं, एकदा तरी पाय आपटायचा होतास रे.

त्यानंतरचे दिवस आमच्या घराने कधी पाहिले नव्हते इतके चांगले होते, आणि मला त्यांचीच भीती वाटत होती. पोर काका म्हणू लागली. काका, शेठ बघा. काका, तुमच्या पायावर बसला. हे पाय आखडला तरी ताठ करून बसायचे, डोळ्यांत पाणी आणून. शेठच्याही डोळ्यांत पाणी असायचं. कडेला चिकट होऊन वाळायचं, ते पोर ओल्या कापसाने पुसायची. शिंका वाढल्या. धूळ असेल म्हणून ह्यांनी भुसा चाळून घेतला आणि सशाला मऊ वाटावं म्हणून थर दुप्पट केला. शेठ आता ट्रेमध्येच झोपू लागला. आपलं मानलं त्याने, असं हे म्हणाले. मी म्हटलं, जरा जास्तच झोपतो नाही का? ह्यांनी मला नाट लावू नकोस म्हणून गप्प केलं, आणि मी झाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बैठक आरशासारखी लख्ख. सोफ्याखाली एक लेंडी नाही, चटईवर डाग नाही. ह्यांनी हात पसरून घर दाखवलं, एखाद्याने बंगला बांधून दाखवावा तसं. बघा म्हणाले, शेठ पास झाला.

पोर ट्रेपाशी वाकली होती. "ट्रेमध्ये पण काही नाही, काका," ती म्हणाली.

करेल की, जेवला की करेल, असं काहीतरी हे बोलले. शेठ कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसला होता आणि दात कुरकुरवत होता. ससा खूश असला की दात हलकेच वाजवतो, हेही बाईंनीच सांगितलेलं. म्हणून आम्ही तिघं त्याच्याभोवती बसून तो आवाज कौतुकाने ऐकत राहिलो. हलका नव्हता तो. मी पलीकडच्या खोलीत गेले तरी ऐकू येत होता. दुपारी पोरीने गवताची पेंढी उचलून मला दाखवली, कालची होती तशीच होती. तेव्हा कुठे माझ्या काळजात चर्र झालं आणि मी चपला घातल्या.

प्राण्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला कमी. त्यांनी शेठचं पोट चाचपलं, छातीला नळी लावली, हिरड्या पाहिल्या. मग त्याच्या पाठीशी नाक नेलं आणि थांबल्या.

"ह्याच्या अंगाला कपाटाचा वास येतोय. ट्रेमध्ये काय घालता?"

ह्यांच्या हाताच्या रेघांत अजून कालचा भुसा होता आणि ते तो हात पाठीमागे नेत होते.

पोरीने उत्तर दिलं. "देवदाराचा भुसा. काकांनी दिला. मी घातला."

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. ह्या लाकडाचं तेल हवेत उडतं, म्हणाल्या, किड्यांना मारतं ते तेच. एवढ्याशा जिवाच्या छातीत आणि यकृतात ते रोज जात राहिलं की आधी शिंका, मग खाणं बंद, मग पोट बंद. ससा त्रास सुरुवातीलाच दाखवतो, पाय आपटून, शिंकून, आणि कोणी ऐकलं नाही की दाखवणं सोडून देतो. आज इथे ठेवते, प्रयत्न करते, एवढंच बोलल्या. पोरीने कोणालाच काही विचारलं नाही. परतताना ती माझ्या बाजूने चालली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. शेठ गेला होता.

ह्यांनी ह्या वेळी काही लपवलं नाही. तिच्यासमोर बसले आणि गेला म्हणून सांगितलं. माझं चुकलं म्हणाले, मला माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे म्हणालो. एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला. मलाही आवरेना. पोर रडली नाही. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, ट्रे उचलला, न्हाणीत नेऊन घासून धुतला आणि उन्हात उपडा घातला. मग हात साबणाने धुतले, परत धुतले, आणि बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

सकाळी हे लवकर उठले. रोज मी करते, पण त्या दिवशी त्यांनीच पाव भाजला, अंडं तळलं, कड जळलेली कापून टाकली आणि ताटली तिच्यासमोर ठेवली. तिच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

पोरीने ताटलीकडे पाहिलं. मग एका बोटाने ती हळूच ढकलत त्यांच्यापुढे नेली.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

एक क्षण मला वाटलं, माया करतेय. ह्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण चेहरा उजळला आणि घाईने पावाचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चावणं मंदावलं. ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरला तरी बघत होती. राग नव्हता तिच्या तोंडावर, तो असता तर मी सहन केला असता. ती नुसती थांबली होती, काही होतंय का ते बघत.

ह्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते खात राहिले.

बऱ्याच वेळाने तिने ताटली त्यांच्यासमोरून उचलली आणि टेबलावरून सरकवत माझ्यापुढे आणून ठेवली.

"आता तू, मावशी."