बाबिकरची टाच

विमान उतरायचं असलं की बाबिकर अनवाणी निघायचा. कापसावर औषध फवारणारं ते लहानगं विमान आमच्या गावच्या मातीच्या पट्टीवर उतरायचं, आणि पट्टी पक्की आहे की नाही हे बाबिकरची टाच ठरवायची. तीन ठिकाणी टाच हाणायची, मग डोक्याची पांढरी पगडी सोडून जमिनीवर अंथरायची. पगडी दिसली की पायलट खाली यायचा. वीस वर्षांत ही टाच कधी खोटी ठरली नव्हती.

त्या सकाळीही त्याने टाच हाणली, पगडी अंथरली. त्याचा धाकटा भाऊ तिजानी आणि मी शेजारी चहा पीत बसलो होतो. विमान टेकलं, शंभर पावलं नीट धावलं आणि त्याचं डावं चाक एकाएकी जमिनीत गेलं. शेपूट वर, नाक मातीत. पायलटला आम्ही ओढून काढलं. त्याचा हात मोडला होता.

चाकाला लगडलेला चिखल बाबिकरने बोटांत चोळून बघितला. आमच्या गेझिरा मुलखाची काळी माती मोठी दगलबाज. पाटाचं पाणी कडेच्या भेगांतून आत शिरलं तरी वरचं ढेकूळ दगडासारखंच राहतं. टाचेला कळणार कसं? बाबिकर आणि मी ओलीचा माग काढत गेलो, तर ती थेट तिजानीच्या ज्वारीत पोचली. आपली पाळी नसताना आदल्या सांजेला त्याने पाटाचं दार उघडलं होतं. आणि सकाळी भावाशेजारी बसून चहाचे घुटके घेत होता.

"त्याचा त्योच सांगंल," बाबिकर म्हणाला. "आमी एका ताटात जेवतो."

निंबाखाली चौकशी बसली. पट्टी ओली असताना पगडी का अंथरली, असं फवारणी खात्याच्या साहेबाने बाबिकरला विचारलं. तेव्हा तिजानी उठला. मला वाटलं, आता कबूल करेल.

"सायेब, दादाचं वय झालं," तो म्हणाला. "टाच बधिर झालीया त्याची. घरात कितींदा सांगितलं, पर ऐकतोय कुठं?"

केसाने गळा कापला म्हणतात तो असा. मी उठायला गेलो, तर बाबिकरने माझं मनगट गच्च धरलं. तो भावाकडे बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता. मला त्या दोघांचाही राग आला.

साहेबाने बाबिकरला काढलं, आणि काम घरातच राहावं म्हणून तिजानीला नेमलं.

आठ दिवसांनी तिजानी पायताण हातात घेऊन दारात आला. विमान यायचं होतं. बाबिकर भाकरी आणि कालवण घेऊन बसला होता. आमच्याकडे जेवणावेळी वैरी आला तरी त्याला ताटावर बोलावतात.

"दादा, टाच नेमकी कशी हाणायची?"

बाबिकरने ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"आदी तुज्या पाटाचं दार बगून ये," तो म्हणाला. "टाच मागनं हाण."