फुकुओकाचा चिवडा

अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधली मराठी मंडळी आमच्या ह्यांना ‘जपानी काका’ म्हणतात. हे म्हणजे गुरुदत्त, माझे यजमान. नोकरीच्या सुरुवातीला कंपनीने त्यांना तीन महिने फुकुओकाला ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्या तीन महिन्यांवर ह्यांनी उरलेला जन्म काढला आहे. गणपतीच्या जेवणात कुणी सहज ‘नूडल्स’ असं म्हटलं तरी हे हातातलं ताट खाली ठेवून सुरू होतात. रामेन वेगळं, उडोन वेगळं, सोबा वेगळं, आणि सगळ्याला नूडल्स म्हणणारे आपण अडाणी. तोवर माझी दुसरी पोळी संपलेली असते.

गेल्या शनिवारी आम्ही चौघं ह्यूस्टनमध्ये दिवसभर नूडल्स खात फिरलो. आम्ही दोघं, ह्यांचा जुना मित्र प्रताप आणि त्याची बायको उत्तरा. बेत अर्थातच ह्यांचा. तीन दुकानं, जपानच्या तीन भागांतली नूडल्स, आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं खायचं. बाहेर इतकं दमट की गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरत होती, आणि आम्ही निघालो होतो गरम सूप प्यायला. पण आठवडाभर हे इतक्या खुशीत होते की मी तोंड आवरलं. ह्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात फुकुओकाहून आणलेल्या स्वतःच्या काळ्या चॉपस्टिक्स होत्या.

पहिलं दुकान साप्पोरो पद्धतीचं. पिवळी जाड नूडल्स, वर मक्याचे दाणे आणि चक्क लोण्याचा तुकडा.

“तिकडे बर्फ फार पडतो, म्हणून लोणी,” हे म्हणाले. मग उत्तराचा हात धरून तिला चॉपस्टिक्स शिकवायला लागले. “खालची काडी अजिबात हलवायची नाही, वहिनी. फक्त वरची हलवायची. बघा, जमतंय की!”

“भाऊजी, तुम्ही टीचर व्हायला हवं होतं,” उत्तरा म्हणाली. हे लाजले आणि फुललेही.

मी वेट्रेसकडे फोर्क मागितला. मला त्या काड्यांची कटकट नको होती.

“सरला, रामेन आणि फोर्कने?” हे सगळ्यांसमोर म्हणाले. “प्रताप, बघ यार, इतकी वर्षं शिकवतोय हिला.”

प्रताप हसला. मी फोर्कने खाल्लं, चांगलं लागलं, पण ते वाक्य मात्र घशाखाली उतरलं नाही.

दुसरं दुकान ह्यांच्या लाडक्या फुकुओकाकडचं. बारीक सरळ नूडल्स आणि हाडं उकळून केलेलं दुधाळ सूप. ह्यांनी मेनूकडे न बघता जपानीत काहीतरी ऑर्डर दिली. वेट्रेस गोड हसून म्हणाली, “सॉरी सर, आय ॲम फ्रॉम एल पासो.” ती इथलीच, टेक्ससची निघाली, तरी ह्यांचा उत्साह मावळला नाही. सूपाचा बाउल समोर येताच गोष्ट सुरू झाली, जी मी शेकडो वेळा ऐकली आहे. फुकुओकात ह्यांच्या हॉटेलसमोर छोटंसं दुकान होतं, हे रोज संध्याकाळी तिथे जायचे, मालक लांबून बघूनच ह्यांचा बाउल तयार ठेवायचा.

ही गोष्ट खोटी आहे, हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि इतकी वर्षं मी ती मुकाट्याने ऐकत आले होते. त्या दिवशीही ऐकली असती. पण ह्यांनी शेवटाला नवीन शेपूट जोडलं.

“आणि ही इकडून काय पाठवायची माहितेय? चिवडा! पार्सलवर पार्सल! मी तो खोलीतल्या कचऱ्यात टाकायचो यार. असलं रामेन सोडून पोहे कोण खाणार?”

प्रताप आणि उत्तरा खदखदून हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेव्हा शुगर लँडमध्ये मी एकटी होते, तान्ही मुलगी कडेवर घेऊन पातळ पोहे भाजत होते. तो चिवडा म्हणे कचऱ्यात.

“टाकला का?” मी म्हणाले. “मग दर रविवारी फोनवर ‘संपला, अजून पाठव’ कोण म्हणायचं? अहो प्रतापभाऊजी, ह्यांनी तिथे काही खाल्लेलं नाही. तीन महिने चिवड्यावर काढले!”

“काय सांगताय, वहिनी!” प्रतापने टेबलावर थाप मारली.

माझ्या बोलण्यावर हशा पिकला की मला चढतं. तिथे थांबले असते तर नवराबायकोची थट्टा म्हणून सगळं निभावलं असतं. मी थांबले नाही.

“एकदाच गेले होते त्या दुकानात. काड्या धरता येईनात. नूडल्स सटकून शर्टावर पडली. बाजूला ओळीने ऑफिसची माणसं बसली होती, सगळी ह्यांच्याकडे बघायला लागली. शेवटी मालकाने शेजारच्या दुकानातून फोर्क मागवला! तो येईपर्यंत ह्यांना तसंच बसवून ठेवलं लहान पोरासारखं. हे भरलेला बाउल तिथेच सोडून आले आणि खोलीत जाऊन रडले. मग रोज खिडकीत बसून समोरच्या दुकानाकडे बघत चिवडा खायचे आमचे जपानी काका!”

प्रताप हसला, पण अर्ध्यातच थांबला. उत्तरा आपल्या बाउलमध्ये बघत राहिली.

हे नुसते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. पण त्यांचा चेहरा अगदी त्या दिवशीसारखा झाला होता, जपानहून परत आल्यावर माझ्यासमोर बॅग उपसताना झाला होता तसा. तेव्हा तिच्यातून चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या निघाल्या होत्या, आणि ‘कुणाला सांगू नकोस हं’ म्हणत त्यांनी मला हे सगळं सांगितलं होतं. त्यानंतर कितीतरी महिने रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ते त्या काळ्या चॉपस्टिक्सनी ताटलीतले शेंगदाणे एकेक करून उचलायचे. बोटं दुखायची तरी उचलायचे. एवढी मेहनत मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती मी एका हशासाठी मातीत घातली.

“मी आपली गंमत केली हो,” मी घाईघाईने म्हणाले. “असं काही झालं नव्हतं.”

“झालं होतं,” हे शांतपणे म्हणाले. “ती खरंच सांगतेय.”

आम्ही गाडीत बसलो. “तिसरं कॅन्सल करूया का?” असं प्रतापने विचारलं, तर हेच म्हणाले, “नको, बुकिंग केलंय.” मी मागच्या सीटवर बसून ह्यांच्या मानेकडे बघत होते. कॉलर घामाने ओली झाली होती. मला माझी इतकी लाज वाटत होती की एसी चालू असून कान तापले होते.

तिसऱ्या दुकानात उडोन होतं, शिकोकू बेटाकडचं, गोऱ्यापान जाड नूडल्सचं. उत्तराने मुद्दाम, चांगुलपणाने विचारलं, “भाऊजी, ह्याची काय स्टोरी?”

“मेनूवर लिहिलंय, वहिनी,” हे म्हणाले. खिशातल्या चॉपस्टिक्स खिशातच राहिल्या. वेट्रेस आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे फोर्क मागितला. तिने आणून दिला आणि ते उडोनचे तुकडे करून खायला लागले.

मला ते बघवेना. मी माझ्यासमोरच्या काड्या उचलल्या. “अहो, मला शिकवा ना,” मी म्हणाले. माझा आवाज माझ्याच कानाला खोटा वाटला, पण मागणं खरं होतं.

त्यांनी मान वर केली नाही. “मला कुठे येतं, सरला,” ते म्हणाले.

मग मी एकटीच धरल्या. खालची हलवायची नाही, फक्त वरची, हे मला तोंडपाठ होतं. एक जाड नूडल कशीबशी तोंडापर्यंत आली, सटकली आणि आधी माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर, मग मांडीत पडली. सूप उडालं. शेजारच्या टेबलावरची पोरंपोरी वळली. प्रतापने पाहिलं. उत्तराने पाहिलं आणि पटकन टिश्यू पुढे केला. वेट्रेस लांबूनच “फोर्क, मॅम?” म्हणाली, आणि सगळं दुकान माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं.

घाबरून मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्या अख्ख्या दुकानात फक्त हेच माझ्याकडे बघत नव्हते. काड्या सटकल्या तेव्हाच त्यांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती, आणि मी कुर्ता पुसून नीट बसेपर्यंत ते तसेच बघत राहिले.