लाव

"आधी पंखा, मंग आग. अन् बंद करतानी आग आधी, पंखा शेवटी. उलटं केलं का भट्टी सोतालेच खाते. ऐकून राहिली ना?"

यांचा आवाज असा होता. होता म्हणते, कारण हे तर माझ्यासमोरच बाजेवर असतात, पण तो आवाज आषाढात गेला. अर्धांगानं उजवं अंग नेलं, त्यासोबत वाचाही नेली. एकच शब्द मागे ठेवला.

पेलेटची ती भट्टी यांनी अमरावतीच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून जुनीच घेतली होती. वरच्या पेटीत सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, दाबलेले तुकडे टाकायचे, आतलं मळसूत्र ते थोडे थोडे आगीकडे ढकलतं आणि पंखा फुंकत राहतो. बडनेऱ्याच्या बायपासवर आम्ही तिच्यावर भरताची वांगी आणि रोडगे भाजायचो. कणीक माझी, आगीचं सगळं यांच्याकडे.

हे पडले तेही भट्टीपाशीच. एका गिऱ्हाइकानं भल्या मनानं बटन ओढून सगळंच बंद केलं. पंखा थांबला, आग मळसूत्रातून मागे पेटीत शिरली, मोटर जळाली. आम्ही दवाखान्यात असताना पेटीत पावसाचं पाणी गेलं, आणि उरलेले पेलेट फुगून आत दगडासारखे बसले.

मग भट्टी घरी परसात आणून ठेवली. अमरावतीचा देवमन मिस्त्री येऊन पाहून गेला.

"काकू, मळसूत्र छिन्नीनं मोकळं होते. मोटर नवी लागन, पेटवाचा रॉड नवा. अन् हे जुनं बटन काढून गर्मी दाखवणारा बोर्ड बसवला, तं आग सोताच सांभाळते. तुमाले एकटीले जमते." मग त्यानं पत्र्यावर बोट दाबलं. पापुद्राच हातात आला. "पण खोटं काहून बोलू? पत्रा आतून गेला हाय. काम करून देतो, भरोसा नाई देत."

आमची दीपमाला अकोल्याहून आली ती आम्हाला न्यायलाच. तिच्या दोन खोल्यांत एक बाज मावते. भट्टी मावत नाही.

"आई, भंगारवाल्याले सांगू का?"

"तुझे बाबा लाव म्हणून राहिले."

"लाव नाई वो, लावून दे म्हणतेत. वाट लाव तिची, असं."

"पेटव म्हणतेत."

"तुले ऐकू येते ते त्याईच्या तोंडात टाकू नको, माय."

"लाव," हे बाजेवरून म्हणाले.

आम्हा दोघींना हसू आलं. "कोणाच्या पार्टीत हा तुमी, ते तं सांगा बाबा!"

"लाव."

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नाही. त्या दिवशी वात ओढली तोच हे म्हणाले, "लाव." अगदी वेळेवर. माझे डोळे भरले. म्हणजे यांना कळतं, पेटवायलाच सांगतात! दिवा लावून मी लगबगीनं बाजेपाशी बसले.

"दार लावू?"

"लाव."

"पाणी देऊ?"

"लाव."

"अकोल्याले जाचं?"

"लाव."

मग विचारू नये ते विचारलं. "भट्टी मोडून टाकू?"

तितक्याच मायेनं माझ्याकडे पाहून म्हणाले, "लाव."

डॉक्टरांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की तोंडातून निघेल तो शब्द सवयीचा, त्यात काही शोधू नका. मी तेव्हा जप करत होते, जपाच्या आडूनच ऐकलं.

दीपमाला उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. यांच्या पायावर चादर ओढत ती हळूच म्हणाली, "आता तरी भंगारवाल्याले बोलावू, आई?"

"दवाखान्यात पहिल्या दिवशी यांनी माझा हात धरला. डाव्या हातानं, लय घट्ट. लाव म्हणाले. मी हो म्हटलं. लावीन म्हटलं."

"पण त्याले काई अर्थच नव्हता ना!"

"यांच्या बोलण्याले नव्हता. माझ्या बोलण्याले होता."

"अन् लावून करशील काय? तू बायपासवर गेली तं बाबांपाशी कोण बसन?"

"कोणीच नाई. दुकान आता होत नाई, ते कळते मले. एकडाव पेटवीन, मंग आमी येतो तुह्या घरी."

"एका दिवसासाठी नवी मोटर, नवा बोर्ड? लोक हासतीन."

"हासू दे."

ती रडली नाही, भांडलीही नाही. भाकरी थापायला गेली. त्या थापण्याच्या आवाजावरून मला कळलं की ती मला वेडी समजते, आणि तिचं फारसं चुकत नाही. भट्टी पेटली तरी यांच्यात काही पेटणार नाही. देवापुढेही मी आता वाचा मागत नाही. पाठ तेवढा म्हणते.

सकाळी जप आटोपून यांना चमच्यानं चहा पाजला. दीपमाला झोपलेली होती. परसात जाऊन मी पान्यानं एकेक नट सैल केला, नवीच्या मापासाठी जळकी मोटर काढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. वजनाला जड होती. हे जागे होते. पाहत होते, पण पिशवीकडे की भिंतीकडे ते सांगता येत नव्हतं.

पदर डोक्यावर घेतला, चपला हातात घेतल्या, आणि देवमनकडे जायला अमरावतीच्या ऑटोच्या दिशेनं निघाले.