दोघा भावांचा गडवा

मी एक जुना पितळी गडवा आहे. गडवा म्हणजे तुमच्याकडचा तांब्या. चांदूर बाजारजवळच्या एका गावात, चर्चच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली मी पडून आहे. आता माझी किंमत मोडीच्या भावाची. पण मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याआधी मला मोडीत काढू नका.

मी माणिकबाईच्या लग्नात तिच्याबरोबर सासरी आलो. डोमाजी आणि शांतवन ही तिची दोन मुलं. दोघं शेतातून चिखल तुडवत आली की माणिकबाई माझ्याच पाण्याने त्यांचे पाय धुवायची. काळी माती सहजी सुटत नाही, पण पोरं पाय पुढे करून खिदळत बसायची. तेव्हा कोणीच नको म्हणत नसे.

पुढे तिने मला चर्चला दिलं. प्रभू येशूने वधस्तंभावर जाण्याआधी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आमच्या मंडळीतही पाय धुतात. आमच्या गावाची रीत मात्र कडक. वर्षभरात ज्याच्याशी बिनसलं असेल, त्याचेच पाय धुवायचे. किती सासवा-सुना, किती शेजारी माझ्यापाशी रडले! मी साधं भांडं, पण त्या दिवशी वाकून रिकामं होताना मला धन्य वाटायचं.

मग कुठेतरी बिघडलं. पाय धुणाऱ्याचं कौतुक होऊ लागलं. "काय नम्र मानूस हाय!" असं लोक म्हणत. पाय धुवून घ्यायला स्टुलावर बसणारा मात्र गुन्हेगार ठरे. हळूहळू वाकायला सगळे तयार आणि बसायला कोणी नाही, असं झालं. त्यात मोबाइल आले. फोटो निघणार म्हणून लोक घरूनच पाय घासून यायला लागले. खालच्या परातीत स्वच्छ पाणी पडायचं आणि मला वाईट वाटायचं.

डोमाजी आणि शांतवन यांचे संत्र्याचे बगीचे लागून होते. मधल्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून, दोघांचं भांडण झालं. एका ताटात जेवलेले भाऊ बोलेनासे झाले. गुरुवार आला की दोघेही मला धरायला हात पुढे करत.

"तू बस. मी धुतो तुह्ये पाय," डोमाजी म्हणे.

"मी काहून बसू? धुरा तू कोरला. तू बस," शांतवन म्हणे.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. प्रभू प्रेमाने वाकला होता, हे दोघे जिंकण्यासाठी वाकायला निघाले होते. माणिकबाई आणि चर्चचे पाळकसाहेब सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी. माझ्यातलं पाणी दरवर्षी गार व्हायचं आणि चर्चमागच्या निंबाला जायचं. असं होता होता माणिकबाई गेली.

गेल्या वर्षी मात्र शांतवनने स्वतः पाणी कोमट केलं. मला घेऊन तो डोमाजीच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला.

"दादा, चुकलं माह्यं. पाय दे."

डोमाजीने पाय झटकन मागे ओढले. "नाही. मले नाही धुवायचे," एवढंच तो म्हणाला. शांतवन उठला आणि मागे न पाहता निघून गेला. सगळ्यांना वाटलं, हा जुनाच ताठा.

मी जमिनीवर होतो, म्हणून मला दिसलं. डोमाजीच्या मोज्याखाली पट्टी होती. शुगरमुळे जखम चिघळली होती, आणि वास लपवायला त्याने वर अत्तर लावलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते. भावाला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण चारचौघांत तो पाय दाखवायची लाज आडवी आली. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. त्या दिवशी त्याचं मला फार दुःख झालं.

पावसाळ्याआधीच डोमाजी अमरावतीच्या दवाखान्यात वारला. आईचा गडवा म्हणून शेवटच्या अंघोळीला मला घरी नेलं. शांतवनने मला हातात घेतलं. त्याने पट्टी सोडली आणि ती चिघळलेली जखम त्याला दिसली.

"काहून नाही सांगतलं, दादा?"

त्याने मला पुन्हा पुन्हा भरलं आणि तो एकच पाय कितीतरी वेळ धुतला. दादाने या वेळी पाय मागे घेतला नाही.

त्यानंतर शांतवनने मला चर्चमध्ये आणून ठेवलं. यंदाच्या गुरुवारी तो आला नाही. नवा स्टीलचा जग आला आहे, फोटोत चांगला दिसतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्यात आता पाणी कोण भरणार? एवढंच सांगतो. कोणी तुमच्यापुढे पाणी घेऊन बसलं, तर दुखरा पाय आधी पुढे करा.